पिंप न वाजलेला कॉर्नर

रविवार, २ फेब्रुवारी

भावोजी,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. शेजारच्या शिक्षिकेकडून पत्ता लिहून घेतला, कारण माझं अक्षर पाहून तुम्ही पाकीट न फोडताच बाजूला ठेवाल असं वाटलं. इतक्या वर्षांनी बोलायचं आणि सुरुवात अशी लबाडीनं, हे मलाच आवडलेलं नाही. असो.

काम फुटबॉल क्लबचं आहे. या हंगामानंतर आपलं मैदान बंद होतंय. शेवटच्या सामन्याला क्लब स्मरणिका काढणार आहे, आणि तिच्यात तुमच्या दादांवर, म्हणजे लोकांच्या ‘भिंती’वर, जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी घालायच्या आहेत. सेक्रेटरी वाचनालयात आले, माझ्या टेबलावर कोपर टेकून म्हणाले, “वहिनी, तुमचं अक्षर चांगलं, रोजनिशीही लिहिता म्हणे, आणि भिंत तर तुमच्याच घरात. दुसऱ्या कोणाला सांगू?” मी हो म्हटलं. आता वाचनालय सुटलं की कोणाला ना कोणाला गाठून आठवण उतरवून घेते. तुम्ही सगळी वर्षं त्यांच्यामागे गोलमध्ये उभे होतात. तुमचं एक पान हवं.

अंदाज यावा म्हणून काही लिहिते.

न्हावी म्हणाला, “भिंतीच्या कपाळाला बॉल लागला की टेंगूळ बॉलला यायचं.” हे तो प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो म्हणे, आणि सांगताना गिऱ्हाईकाच्या डोक्यावर टिचकी मारतो.

शाळेतल्या क्लार्कबाईंना आठवतं ते असं: मध्यंतरात तुमचे दादा चुकून पाहुण्या टीमच्या खोलीत जाऊन बसले. त्यांच्या कोचचं सगळं बोलणं मान डोलवत ऐकलं, त्यांच्याच संत्र्याच्या फोडी खाल्ल्या आणि त्यांच्याच रांगेतून बाहेर आले. “अहो, हसून हसून पुरेवाट झाली आमची! इतका साधा माणूस!”

शिंपी म्हणाला, “भिंतीनं रेफ्रीला स्कोअर विचारला. त्यानं सांगितला. जरा वेळानं परत विचारला. परत सांगितला. तिसऱ्यांदा विचारल्यावर रेफ्री म्हणाला, घरी जा आणि बायकोला विचार!” सगळा स्टँड खो-खो हसला होता.

सांगणारे हसले तिथं मीही हसले. नंतर शिंप्याला सहज विचारलं, त्याच्या आधी काय झालं होतं? तो सुईत दोरा ओवत म्हणाला, “काही नाही हो, डोक्याला डोकं आपटलं होतं. नेहमीचंच.”

तुमचं पान लवकर पाठवा. दादा बरे आहेत.

तुमची वहिनी


रविवार, १६ फेब्रुवारी

भावोजी,

दादा बरे आहेत हे खोटं होतं. मी ते का लिहिलं याचा पुष्कळ विचार केला. तुम्हाला घाबरवायचं नव्हतं असं म्हणता येईल. पण खरं असं असावं, की एकदा कागदावर लिहिलं की ते झालंच, असं मला वाटत होतं.

त्यांची आठवण जातेय. सुरुवात केव्हा झाली ते मला सांगता येत नाही, आणि आता या हसऱ्या आठवणी गोळा करताना वाटतं, सुरुवात माझ्या डोळ्यांसमोर, भर स्टँडमध्ये झाली होती आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

घरात काय होतं ते सांगते. बाहेर पडताना ते दारात थांबतात. पुढे कोणी उभं असल्याशिवाय निघतच नाहीत. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, मैदानात उतरताना रांगेत तुम्ही पहिले असायचात आणि ते दुसरे. आता मी त्यांच्यापुढे उभी राहते. मग निघतात.

गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून काचेची बरणी सरकली. मी हात पुढे केला. ते डोकं पुढे करून धावले. बरणी कानाला घासून फरशीवर फुटली आणि ते माझ्याकडे बघून हसले, बॉल बाहेर काढल्यावर हसायचे तसे. परवा दुपारी मागच्या अंगणातून धप, धप असा आवाज आला. कपडे धुवायच्या दगडाशेजारच्या भिंतीवर बॉल मारून कपाळानं परत मारत होते. मी “नको, नको” म्हणत धावले, तर मलाच म्हणाले, “बाजूला व्हा, कॉर्नर आहे.” मला अहोजाहो केलं, भावोजी.

डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये जुनं रक्त साचून राहिलंय. आणखी वाढलं तर ऑपरेशन, नाही तर औषधं आणि सांभाळणं. मी विचारलं, सांभाळणं म्हणजे नक्की काय? त्या म्हणाल्या, “डोक्याला धक्का नको. हलकासुद्धा नको. पुन्हा रक्त सुरू झालं तर दवाखान्यात पोचेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही.” मी त्यांना विचारलं, फुटबॉल? त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

आता खरं काम सांगते. शेवटच्या सामन्याच्या मध्यंतरात तुमच्या दादांचा सत्कार आहे. सेक्रेटरींनी मला न विचारता त्यांना घरी येऊन सांगितलं, की गोलसमोर उभं राहून एक शेवटचा कॉर्नर डोक्यानं बाहेर काढायचा. सगळं गाव बघणार. तेव्हापासून ते सकाळी उठून बूट घालून बसतात. काल नको म्हणून पाहिलं, तर त्यांनी खिडकीची कडी उपसली. परवा दार लावून घेतलं तेव्हा मागच्या बाजूनं निघून गेले आणि मैदानाच्या फाटकाशी सापडले. मी नेलं नाही तर ते माझ्याशिवाय जातील, एवढं मला दिसतंय.

तुमच्या दोघांत काय झालं ते मी त्या दिवशी स्टँडमधून पाहिलं. फायनल होती. कॉर्नर आला, ते उडाले, तुम्हीही बाहेर आलात आणि तुमची मूठ त्यांच्या कानशिलावर बसली. ते पडले, पट्टी बांधून पुन्हा खेळले, आणि लोक आजही ती रक्ताची पट्टी आठवून रडतात. तुम्ही कोचच्या हातापाया पडत होतात की त्याला बाहेर घ्या. कोणी ऐकलं नाही. नंतर ते सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, “बॉल घ्यायला बाहेर येताना तू हाक दिली नाहीस.” तुम्ही म्हणालात दिली. त्यानंतर बोलणं नाही. हाक खरी की खोटी, मला माहीत नाही. मी विचारतही नाहीये.

मी एवढंच विचारतेय की तुम्ही याल का. मला एकटीला फार भीती वाटते.

वहिनी


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं उत्तर नाही. तरी लिहिते.

काल मैदानावर रंगीत तालीम झाली. मी सेक्रेटरींना बाजूला घेऊन निम्मं खरं सांगितलं: डॉक्टरांनी डोक्याला जपायला सांगितलंय. आजाराचं नाव घेतलं नाही. ते नाव गावात फिरायला लागलं की लोक त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागतील, याची मला लाज वाटते की भीती, हे अजून ठरत नाही. सेक्रेटरी भले आहेत. म्हणाले, “अहो, त्यात काय! हलका प्लॅस्टिकचा बॉल घेऊ. आणि कॅप्टनला सांगतो, यांच्याजवळ मारूच नकोस, लांब मार. भिंत नुसती उभी राहील, फोटो निघेल, संपलं.”

कॅप्टननं बॉल खरंच लांब मारला. पलीकडच्या खांबाकडे.

तुमचे दादा त्याच्यामागे धावले. त्या वयाचा माणूस इतका जोरात धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. डोकं पुढे, हात मागे, आणि समोर गोलचा लोखंडी खांब. मी ओरडले, “अहो, थांबा!” कॅप्टन ओरडला. त्यांना काही ऐकू आलं नाही. वाटेत सेक्रेटरी आले आणि तुमचे दादा त्यांच्या पोटावर आपटले. दोघं खाली. सेक्रेटरी धापा टाकत म्हणाले, “माझ्या पोटाचा क्लबला पहिल्यांदाच उपयोग झाला.” सगळे हसले. मीही हसले आणि मग गोलपाशी जाऊन तो लोखंडी खांब हातानं चाचपून पाहिला.

बॉल जवळ मारा, लांब मारा, हलका घ्या, जड घ्या, काही फरक नाही. बॉल हवेत दिसला की ते जाणार. बॉलच नको म्हटलं तर ते कुठून तरी आणतील.

परत येताना ते फार आनंदात होते. म्हणाले, “छोट्या उद्या येणार ना?” छोट्या तुम्ही. मी म्हटलं, बघू.

वहिनी


शनिवार, ८ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र आलं. पत्र कसलं, एक ओळ. “वहिनी, मी ‘सोड’ म्हणून हाक दिली होती.”

मी ते वाचून इतकी चिडले की तव्यावरची पोळी काळी होईपर्यंत हलले नाही. मी इथे माणूस वाचवायला बोलावतेय आणि तुम्ही साक्ष देताय. तुम्हाला पाठवायचं म्हणून बरंच कडवट लिहिलं, मग फाडलं. कारण दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे पिंपमामाची आठवण. तुम्हाला तो आठवत असेल. नळाची कामं करतो. गोलच्या मागच्या स्टँडमध्ये तेलाचं रिकामं पिंप आणून प्रत्येक कॉर्नरला लोखंडी पाना आपटायचा, आणि मग सगळा स्टँड पत्र्यावर हात मारायचा. अजूनही तेच करतो. मी वाचनालयातल्या नळाखाली त्याला गाठलं. तो वाशर बदलत बोलत होता.

“फायनलचा कॉर्नर? विचारू नका वहिनी! त्या दिवशी आम्ही जे वाजवलंय! भिंत उडाली, कीपर बाहेर आला. मी बरोबर त्याच्या मागे. कीपरचं तोंड असं उघडं, मानेच्या शिरा टरारलेल्या, जीव तोडून ओरडतोय. पण आवाज कुठला ऐकू येतोय आमच्यापुढे! त्याचा त्याला आला नसेल!” आणि तो पाना उंच धरून हसला. इतका अभिमानानं हसला, की मी ते वाक्य तसंच उतरवलं आणि खाली सही घेतली.

म्हणजे तुम्ही हाक दिली होती. आणि ती त्यांना आली नाही. तुम्ही दोघंही खरं बोलत होतात. हे लिहिताना मला समाधान वाटायला हवं, पण मला पिंपमामाचं हसणंच ऐकू येतंय.

दुसरी गोष्ट. तुमच्या ओळीतला शब्द, म्हणजे ‘बॉल मला सोड’, डोक्यात राहिला होता. ते खाटेवर बसले होते. मी मोज्यांचा गोळा करून वर उडवला, आणि ते उठायच्या आत मी ओरडले, “सोड!”

ते जागच्या जागी थांबले. मोजे खाली पडले. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि पाठीमागे सरकत सरकत माझ्यापर्यंत आले. मला पाठीशी घालून उभे राहिले. समोरून कोणी माझ्या अंगावर येऊ नये म्हणून.

मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा थांबले. मग वरच्या टाकीचा पंप सुरू झाला. त्या घरघरीत मी तितक्याच जोरानं ओरडले आणि ते थांबले नाहीत. मोज्यांना कपाळ लावून आले. मोजेच होते. तरी मी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून किती वेळ बसले होते, मला माहीत नाही.

शांतता असेल तर हाक पोचते. आणि स्टँडमध्ये पिंप वाजणार आहे.

सामना पुढच्या रविवारी आहे. तुम्ही गोलमध्ये उभे राहिलात तर सगळं सोपं होईल. नाही आलात तर मी उभी राहीन. सेक्रेटरींना सांगून टाकलंय. ते म्हणाले, “हातमोजे देऊ का, वहिनी?”

वहिनी


शनिवार, १५ मार्च

भावोजी,

आज पिंपमामाच्या घरी गेले. तो अंगणात पिंपाला रंग देत होता. मैदान बंद होणार म्हणून क्लबच्या रंगात. त्याची बायको पायरीवर बसून म्हणत होती, “माझ्या दाराला वीस वर्षं रंग नाही, आणि या सवतीचा थाट बघा.”

मी म्हटलं, मामा, उद्या मध्यंतरात पिंप वाजवू नका. स्टँडलाही वाजवू देऊ नका.

“काय बोलताय वहिनी? पिंप नाही वाजलं तर ते मैदान राहील का? दवाखाना वाटेल! भिंतीला तरी कळेल का कॉर्नर आहे ते?”

मी सेक्रेटरींना सांगितलं होतं तसं निम्मं खरं सांगायला लागले. डोक्याला जपायचंय वगैरे. तो ब्रश चालवतच राहिला. “एका बॉलनं काय होतंय त्याला! अहो, भिंत आहे ती!”

मग मी सगळं सांगितलं. आजाराचं नाव घेतलं. बरणी सांगितली. डॉक्टरीणबाईंचं वाक्य सांगितलं. संत्र्याच्या फोडी का खाल्ल्या असतील आणि स्कोअर परत परत का विचारला असेल, तेही सांगितलं. आणि हाक कशी पोचते, कशी पोचत नाही, तेही. मी एवढं सलग कोणाजवळच बोलले नव्हते, तुमच्याजवळसुद्धा नाही.

तो मध्येच हसला. चुकीच्या ठिकाणी. मग हसणं तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे बदलले. ब्रश पिंपावर टेकलेला, रंग ओघळून त्याच्या चपलेवर पडत होता. त्याच्या बायकोनं येऊन ब्रश काढून घेतला.

“म्हणजे त्या दिवशी...” एवढंच म्हणाला. मी गप्प बसले. ‘नाही हो’ म्हणणं सोपं होतं. म्हणता आलं नाही. त्याला दुखवायला म्हणून गप्प बसले का, हे मी येताना सगळ्या रस्त्यानं स्वतःला विचारत होते.

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्यानं कबूल केलं तरी एवढा मोठा स्टँड त्याचं ऐकेल का? उद्या काय होईल मला माहीत नाही. ऐन वेळी माझा आवाज फुटलाच नाही तर?

हे पत्र सामन्याआधी तुम्हाला मिळणार नाही. तरी टाकते.

वहिनी


गुरुवार, २० मार्च

भावोजी,

ते सुखरूप आहेत. हे आधी लिहिते. या वेळी खरं आहे.

मध्यंतर झालं. सत्कार झाला. ते मैदानात उतरायच्या बोगद्याशी थांबले. मी पुढे उभी राहिले, मग निघाले. स्टँड उठून उभा राहिला, शिट्ट्या, आरोळ्या, “भिंत! भिंत!” त्यात शिंपी दिसला, न्हावी दिसला. मी गोलमध्ये जाऊन उभी राहिले. साडी, स्वेटर आणि चपला. कोणीतरी ओरडलं, “कीपर बदलला रे!” आणि हशा पिकला. कॅप्टननं कोपऱ्यात बॉल ठेवला. आरोळ्या वाढतच होत्या. मला वाटलं, संपलं.

तेव्हा मागे पिंपमामा कठड्यावर चढला. रंगवलेलं पिंप त्यानं सगळ्यांना दिसेल असं डोक्यावर धरलं, आणि मग ते उलटं करून खाली ठेवलं आणि त्याच्यावर बसला. तोंडावर बोट. एवढंच. जे लोक सगळा जन्म त्याच्या पान्याकडे बघून ओरडले, ते त्याच्याकडे बघून गप्प झाले. आधी मागचे, मग बाजूचे. शेवटी एक लहान मूल रडत होतं, तेही थांबलं. मैदानात मी अशी शांतता कधी ऐकली नाही. मला ती आरोळ्यांपेक्षा भयंकर वाटली, कारण आता सगळं माझ्या घशावर होतं.

कॅप्टननं बॉल मारला. तो उंच आला, वळला. त्यांचे खांदे हलले, मान मागे गेली. मी ओरडले.

आवाज माझा नव्हता. फाटका, जाड, कुठून आला कोण जाणे. “सोड!”

ते उडाले नाहीत. बॉल त्यांच्या खांद्याजवळून गेला, माझ्यासमोर टप्पा पडला, मला लागून बाजूला घरंगळला. त्यांनी हात पसरले, मागे मागे सरकत आले आणि मला पाठीशी घालून त्या सगळ्या गप्प स्टँडसमोर उभे राहिले. मान न वळवता म्हणाले, “छोट्या, आज ऐकू आलं रे.”

ते एवढ्या शांततेत बोलले, की पहिल्या रांगांनी ऐकलं असावं. पिंपमामा पिंपावर बसून दोन्ही हातांत तोंड घालून रडत होता. टाळ्या फार उशिरा सुरू झाल्या.

तुम्हाला हे कळायला हवं म्हणून सगळं लिहिलं. तुमच्या हाकेचा निकाल लागला. पिंपमामा रोज येतो, त्यांच्याशेजारी बसतो, आणि तुमचा पत्ता मागतो. मी दिलेला नाही. तुम्हाला विचारून देईन.

आता उरलेलं लिहिते. ते लिहू नये असं वाटतंय, म्हणजे तेच लिहायला हवं.

त्या दिवसापासून ते मला छोट्या म्हणतात. आधी एखादवेळी, आता सारखंच. मी दुरुस्त करत नाही, कारण दुरुस्त केलं तर माझी हाक चालणार नाही, आणि घरात वरच्या फळ्या आहेत, जिना आहे, मागच्या अंगणात भिंत आहे. रोज दिवसभर मी तुमच्या आवाजात ओरडते. घसा बसलाय.

आज सकाळी फिरायला निघालो. ते दारात थांबले. मी पुढे उभी राहिले. त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “छोट्या, तुझी वहिनी आलीय का रे सामन्याला?”

मी म्हटलं, आलीय.

“कुठं बसलीय? मला दिसत नाही.”

मी तशीच दाराकडे तोंड करून उभी राहिले. वळले असते तर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं आणि तरीही विचारलं असतं, या भीतीनं वळले नाही.

भावोजी, या. येऊन दारात पुढे उभे राहा. ती जागा तुमची आहे. तुम्ही तिथं उभे राहिलात की मला स्टँडमध्ये माझ्या जागेवर जाऊन बसता येईल, आणि त्यांनी मान वर करून बघितलं तर कदाचित मी त्यांना दिसेन.

वहिनी